२७०० आरपीएमला घुमणारी गाडी: एका सायलेन्सर-निवडीचं प्रकरण

गाडी माझ्या भाच्याची. पेट्रोल, १.५ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, वय ११ वर्षं. रोजच्या फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या, आणि महिन्यातून एकदा-दोनदा लांबचा पल्ला. तक्रार साधी होती: सकाळी गाडी सुरू केली की मागून फाटका आवाज यायचा, आणि चढाला जोर दिला की तो जास्तच वाढायचा.

गाडी रॅम्पवर घेतली. मागचा सायलेन्सर वरून बरा दिसत होता, मूळचा राखाडी रंगही बराचसा शाबूत होता. खालच्या शिवणीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते खचकन आत गेलं. बाहेर ओढलं तसं तांबूस-काळं पाणी टपटप गळायला लागलं.

"मामा, पाणी कुठून आलं? पावसात तर मी गाडी बाहेर काढलीच नाही."

हे पाणी पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन पाइपातून निघतं. लांबच्या प्रवासात डबा चांगला तापतो आणि वाफ वाफ म्हणूनच बाहेर पडते. पाच किलोमीटरच्या फेरीत मागचा डबा कोमटच राहतो, वाफेचं आतल्या पत्र्यावर पाणी होतं, त्यात धुरातली आम्लं उतरतात आणि डबा आतून कुजत जातो. म्हणून बऱ्याच डब्यांच्या तळाशी बारीकसं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. या डब्याचं भोक काजळीने पार बुजलं होतं.

डबा बदलायचा हे ठरलंच होतं. प्रश्न होता, काय बसवायचं. भाच्याने आधीच तयारी केली होती. त्याला हवा होता ६३ मिलिमीटरचा पूर्ण पाइप, पुढे हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या मोकळ्या नळ्यांचा संच), मागे सरळ आरपार सायलेन्सर. "आता फाटलाच आहे तर नीट मोठाच टाकू ना. पिकअप पण वाढेल."

आधी मोजणी

माझा अनुभव असा की एक्झॉस्टमध्ये सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो न मोजता घेतलेल्या पार्टवर. पाइप अडवतोय की नाही, हे कळायला सोपा उपाय आहे. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा (त्याला १८ मिलिमीटरचे आटे असतात), त्या जागी नळी बसवून प्रेशर गेज लावायचा आणि गाडी चालवून बघायची. धडधाकट गाडीत रिकाम्या रेसला काटा जेमतेम हलतो आणि २५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ३ पीएसआयच्या (हे दाबाचं माप) खाली राहतो. त्याच्या वर गेला तर कॅट तुंबलंय किंवा पाइप कुठेतरी चेपलाय असं धरायचं.

फाटक्या डब्यातून दाब निसटत होता, त्यामुळे पहिला आकडा खोटा येणार हे उघड होतं. भोकावर पत्रा ठेवून वर क्लॅम्प आवळला आणि मग मोजलं. २५०० ला १ पीएसआयच्या आसपास. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन ६००० पर्यंत नेलं तेव्हा ३. म्हणजे मूळ पाइप या इंजिनाला फारसा अडवत नव्हता. तो सगळाच्या सगळा मोकळा केला असता तरी ताकदीत पडणारा फरक सीटवर बसून कळला नसता. हेडरचा विषय तिथेच संपला.

भाचा खट्टू झाला. मग त्याने नेहमीचा प्रश्न टाकला: "पण इंजिनाला थोडं बॅकप्रेशर, म्हणजे मागून धुराचा दाब, लागतंच ना?"

लागत नाही. कुठल्याच इंजिनाला धूर अडवून फायदा होत नाही. लोक ज्याला बॅकप्रेशर म्हणतात ती खरं तर वायूच्या वेगाची आणि लाटांच्या वेळेची गोष्ट आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा धक्का पाइपात धावतो आणि त्याच्या मागे दाब पडतो. तो पडलेला दाब वेळेवर मिळाला तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढला जातो. हा खेळ मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला लागूनच असलेल्या, चार नळ्यांत, त्या जिथे एकत्र येतात तिथपर्यंत चालतो. कॅट ओलांडून मागे येईपर्यंत धक्के बरेच सपाट झालेले असतात. पुढच्या नळ्या अवास्तव मोठ्या टाकल्या की वेग पडतो, कमी आरपीएमला गाडी मरगळते, आणि मालक म्हणतो बॅकप्रेशर गेलं. मागच्या पाइपात मात्र दोनच हिशेब उरतात: अडथळा किती आणि आवाज कसा.

कॅट काढून टाकायचा पर्याय कोणीतरी भाच्याच्या कानावर घातला होता. तो मी चर्चेलाही घेतला नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांची विल्हेवाट लावते. कायद्याचा मुद्दा आहेच, पण ती काढली की धूर आपल्याच मागच्या माणसाच्या नाकात जातो. शिवाय कॅटच्या मागे दुसरा सेन्सर बसलेला असतो. कॅट काम करत नाही हे त्याला कळतं आणि पी०४२० हा बिघाडाचा कोड घेऊन डॅशबोर्डवर दिवा पेटतो. आपल्याला फक्त कॅटच्या मागचा भाग बदलायचा होता. दोन्ही सेन्सर जागच्या जागी राहिले, हा त्याचा मोठा फायदा.

जुना पाइप व्हर्नियरने मोजला: बाहेरून ४५ मिलिमीटर, पत्रा दीड मिलिमीटर, म्हणजे आतून ४२. भाच्याच्या मनातला ६३.५ चा पाइप आतून साडेसाठ भरतो. व्यास दीडपटीच्या आतच वाढलेला दिसतो, पण वायू जातो तो क्षेत्रफळातून, आणि ते दुपटीहून जास्त होतं. ५१ चा पाइप आतून ४८, क्षेत्रफळ साधारण ३१ टक्क्यांनी जास्त. या इंजिनाला तेवढं पुरून उरतं. शिवाय मागे येता येता वायू थंड होऊन आक्रसतो, त्यामुळे शेवटच्या टोकाला मोठ्या पाइपाची गरज कमीच असते. आणि मागच्या अॅक्सलवरून वळणारा ६३ चा पाइप या गाडीत बसवायचा म्हटलं तर ब्रेकच्या होजपासून पुरेसं अंतरही राहिलं नसतं. ५१ ठरला.

पत्रा हातात घेऊन

पत्र्याचे तीन पर्याय समोर होते. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं साधं लोखंड स्वस्त असतं आणि लांब चालणाऱ्या गाडीत छान टिकतं. पण मुलामा वेल्डिंगजवळ जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. वरून तांबूस होतं, पण सहसा आरपार जात नाही. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आम्लट पाण्यापुढे तिन्हींत तोच जास्त तग धरतो. इथे रोजची पाच किलोमीटरची फेरी निर्णायक ठरली आणि मी ३०४ कडे झुकलो.

३०४ म्हणून आलेल्या दोन तुकड्यांपैकी एकाला लोहचुंबक टक्कन चिकटलं. ३०४ ला चुंबक लागत नाही. फार तर बेंडवर, जिथे धातू ताणला गेलेला असतो, तिथे किंचित ओढ जाणवते. सरळ भागालाच घट्ट चिकटलं म्हणजे तो ४०९ किंवा त्याच्या जातीचा. ४०९ वाईट नाही, पण किंमत ३०४ ची लावलेली होती. तुकडा परत केला.

दुसऱ्या तुकड्याच्या आत मी बोट घातलं. बाहेरून वेल्डिंग देखणं होतं, निळी-सोनेरी छटा आलेली. आतून जोडावर खरखरीत काळी खपली लागली, जळून फुगलेल्या साखरेसारखी. स्टेनलेसचं वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूने धातू हवेत जळतो आणि अशी खपली धरते. स्टेनलेसची गंज न धरण्याची ताकद नेमकी तिथेच संपलेली असते, आणि खपली वायूच्या वाटेतही येते. एक्झॉस्ट घेताना बाहेरची चमक सगळे बघतात. बोट आत घालून बघणारा क्वचित भेटतो. तोही तुकडा परत गेला. शेवटी नुसता ३०४ चा पाइप आणि मॅन्ड्रेलवर (वळवताना पाइपाच्या आत धरलेल्या आधारावर) वळवलेले बेंड आणले आणि जोडकाम आपल्या देखरेखीखाली करून घेतलं. मॅन्ड्रेलशिवाय वळवलेल्या बेंडला आतून सुरकुती पडते आणि ५१ चा पाइप वळणावर ४५ पेक्षाही अरुंद होऊन बसतो. मग मोठा पाइप घेण्यात अर्थच राहत नाही. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८ एल ची वेल्डिंगची तार वापरली, आणि जुन्या लोखंडी फ्लँजला (बोल्टने जोडायच्या चकतीला) जोडताना ३०९ एल ची. पाइप तीन ठिकाणी फ्लँजवर बोल्टने जोडला, सलग वेल्ड केला नाही. पुढे तोच निर्णय फार कामाला आला.

माझी चूक

मागचा डबा निवडताना मी चुकलो. भाच्याला आवाजात थोडा भारदस्तपणा हवा होता आणि त्याची ही हौस मला रास्त वाटली. सरळ आरपार जाणारा सायलेन्सर घेतला: मधून जाळीदार नळी, भोवती काचतंतूचं भरण. भोकं नुसती पाडलेली होती, आत ओठ काढलेली नव्हती, म्हणजे वाटेत अडथळा नाही. उभ्या गाडीत रेस देऊन ऐकलं, आवाज गोल आणि दमदार. भाचा खूश. मीही समाधानी.

पहिल्याच लांबच्या फेरीत ताई मागच्या सीटवर बसली होती. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "अरे, मागे बसून माझं डोकं भणभणलंय. ही गाडी अशी घूं-घूं का करतेय?" पुढे बसलेल्या आम्हा दोघांना एवढं जाणवलं नव्हतं. मी मागे जाऊन बसलो. पाचवा गिअर, आरपीएमचा काटा २७०० वर, आणि कानाच्या पडद्यावर कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं. अॅक्सिलरेटर सोडला की गायब. ३३०० ला नेलं की बराच कमी. पुन्हा २७०० ला आणलं की पुन्हा तेच.

मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अॅपने जुन्या, भोक बुजवलेल्या डब्यापेक्षा जेमतेम दोन डेसिबल जास्त दाखवले होते. त्या आकड्यावर विसंबून मी निश्चिंत राहिलो होतो. हे मीटर सहसा 'ए' मापावर चालतं, आणि ते माप ९० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे २० डेसिबलनी कमी धरतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे आरपीएमला ३० ने भागलं की आवाजाची मुख्य कंपनसंख्या मिळते. २७०० भागिले ३० म्हणजे ९०. ताईचं डोकं ज्या आवाजाने भणभणत होतं, नेमका तोच माझं मीटर कमी धरत होतं. 'सी' मापावर लावलं तेव्हा खरा फरक दिसला.

मग जुना डबा काढून नव्याशेजारी ठेवला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं: आकारमान काढलं. जुना लंबगोल डबा ५० सेंटिमीटर लांब, २३ रुंद, १५ उंच, म्हणजे साडेतेरा लिटरच्या आसपास. नवा साडेबारा सेंटिमीटर व्यासाचा, ४० लांब, म्हणजे पाच लिटरही भरत नव्हता. काचतंतूचं भरण वरच्या पट्टीतला खरखराट चांगला खातं. खालच्या पट्टीतली घरघर मारायला लागते जागा, आणि आत पडदे घालून केलेले कप्पे. मूळ डब्यात ते कप्पे याच घरघरीसाठी होते. पाइपाच्या व्यासावर मी दोन दिवस घालवले आणि डब्याच्या आकारमानाकडे एकदाही पाहिलं नाही. उभ्या गाडीत रेस देऊन ऐकणं तर निवडीचा आधार होऊच शकत नाही, कारण तेव्हा इंजिनावर भार नसतो आणि घुमणं भाराखालीच उमटतं.

बाजूची बंद नळी

डबा न बदलता एक उपाय होता आणि तो करून बघायची मला मनापासून इच्छा होती. मुख्य पाइपाला बाजूने एक नळी जोडायची, जिचं दुसरं टोक बंद. लाट आत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि नळीची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश असेल तर परतलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते. दोघी एकमेकींना मारतात. या नळीतून वायू वाहत नाही, त्यामुळे अडथळा अजिबात वाढत नाही.

लांबी काढताना बरेच जण एका गोष्टीत फसतात. २० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने ९० हर्ट्झसाठी ९५ सेंटिमीटर येतात. पण आतला वायू गरम असतो आणि गरम वायूत आवाज जास्त वेगाने धावतो. सुमारे १२५ अंश धरले तर ४०० मीटर, आणि नळी हवी १११ सेंटिमीटर. म्हणून आम्ही सव्वा मीटरची केली, टोकाला आत-बाहेर सरकणारं झाकण ठेवलं, आणि रस्त्यावर चालवत झाकण सरकवत गेलो. ११५ ला घूं एकदम मावळली. भाचा मागे बसला होता, तो ओरडलाच: "मामा, थांब, हलवू नकोस, गेली!" मलाही फार बरं वाटलं.

नळी जोडायची जागाही महत्त्वाची. पाइपाच्या उघड्या टोकाजवळ लाटेचा दाब जवळजवळ शून्य असतो, तिथे जोडलेली नळी काहीच करत नाही. आम्ही ती मधल्या फ्लँजजवळ घेतली होती.

तरी ती कायम ठेवली नाही. पाच माणसं आणि सामान भरून चढाला नेली तेव्हा घुमणं २९००-३००० च्या पट्टीत पुन्हा डोकं वर काढायला लागलं. अशी नळी एका अरुंद पट्टीपुरतीच चालते. आणि मीटरभर जादा गरम पाइप इंधनाच्या टाकीच्या बाजूने नेणं मला पटेना. ज्याची गाडी ठरलेल्या वेगाने ठरलेल्या रस्त्यावर धावते आणि खाली जागा आहे, त्याला हा उपाय मी आजही सुचवेन.

मागचा आरपार डबा बोल्ट सोडून काढला आणि त्या जागी कप्पे असलेला, १३ लिटरच्या जवळपासचा, ५१ च्या तोंडाचा डबा बसवला. मध्ये छोटा आरपार रेझोनेटर ठेवला, ४००० च्या वरचा खरखराट खायला. टेलपाइपचं टोक बंपरच्या बाहेर काढलं. आतच संपवलं तर गाडीच्या पाठीमागे तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यात धूर घुटमळतो आणि डिकीच्या फटीतून आत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २५ सेकंद टेलपाइपवर जाड फडकं दाबून धरलं, साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर मारलं. एका फ्लँजवर बुडबुडे आले. पॅकिंग वाकडं बसलं होतं, ते बदललं.

पुन्हा गेज लावला. पूर्ण जोरावर ६००० ला अडीचच्या आसपास. पिकअपमध्ये मला तरी फरक जाणवला नाही, आणि भाच्यानेही तसं प्रामाणिकपणे सांगितलं. आवाज मूळपेक्षा थोडा खोल आहे, २७०० ला मागच्या सीटवर बसून बोलता येतं. ताई परतीच्या वाटेवर मागे झोपली होती.

हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली. बोल्ट किंचित सैल झाले होते, आवळले. भाच्याची नवी तक्रार होती: थंड गाडीत काही नाही, तासभर चालवली की खालून किणकिण. उष्णतारोधक पत्र्यावर घासल्याची चकचकीत रेघ सापडली. कॅटपासून टोकापर्यंतचा पाइप २.६ मीटर. तो सरासरी २५० अंशांनी तापला तर ३०४ सुमारे ११ मिलिमीटर लांबतो. ४०९ असता तर सातच्या आसपास. बसवताना मी मूळ पाइपाइतकीच मोकळीक ठेवली होती. लटकवायची रबरं सैल करून पाइप थंड असताना सेंटिमीटरभर पुढे घेतला आणि रबरं थोडी पुढे कललेली ठेवली, म्हणजे तापल्यावर ती सरळ होतील.

गाडी खाली उतरवण्याआधी डब्याच्या तळाचं भोक पाहिलं. त्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. भाच्याला बॅटरीच्या उजेडात तो दाखवला, हातात तारेचा तुकडा दिला आणि दर सर्व्हिसला ते भोक मोकळं कसं करायचं ते त्याच्याकडून एकदा करवून घेतलं.